शूमानची गाणी, पियानो आणि चेंबर संगीत: श्रवणसत्रासाठी कोणती रेकॉर्डिंग्ज घ्यावीत?

पडवी_मालवण

नमस्कार मंडळी. मालवणजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयाला जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानच्या रेकॉर्ड्सची एक पेटी देणगीत मिळाली आहे. एलपी, सीडी आणि थोड्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या आहेत. सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाची रचना, एकही नाही. गाणी, एकट्या पियानोच्या रचना आणि चेंबर संगीत (मोजक्या वाद्यांचं एकत्र वादन), एवढंच. पावसाळ्यात दशावताराचे प्रयोग बंद असतात, त्या काळात महिन्यातून एकदा दीड तासाचं श्रवणसत्र करायचं ठरलं आहे. श्रोते भजन आणि नाट्यसंगीतात मुरलेले, पण हे संगीत सगळ्यांना नवं. सुरुवात कशाने करावी? एकाच रचनेची तीन-तीन रेकॉर्डिंग्ज आहेत, त्यातलं कोणतं लावावं? आणि एलपींवर पांढरी बुरशी आली आहे, ती कशी काढायची? सभागृहावर पत्रे आहेत, हेही सांगून ठेवते.

मध्यलय

ताई, गाण्यांनीच सुरुवात करा. १८४० या एका वर्षात शूमानने शंभराहून जास्त गाणी रचली. त्यातली ‘डिश्टरलीबे’ (‘कवीचं प्रेम’, ओपस म्हणजे रचनाक्रमांक ४८) ही गीतमाला घ्या. जर्मन कवी हाइनेच्या कविता, १६ गाणी, सगळं मिळून जेमतेम अर्धा तास.

लावण्याआधी श्रोत्यांना एवढं नक्की सांगा, की इथे पियानो साथीला बसलेला नाही. आपला पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो आणि जागा भरतो. शूमानकडे गायक ओळ अर्ध्यावर सोडतो आणि ती पुरी करतो पियानो. पहिलं गाणं ऐकताना शेवटी कान ‘सा’ची वाट बघत राहतो आणि तो येतच नाही, गाणं तसंच अधांतरी संपतं. दुसऱ्यात गायकाचा आवाज थांबतो तेव्हा ओळ मिटलेली नसते, ती नंतर पियानो मिटवतो. सोळाव्यात गायक गप्प झाल्यावर पियानो बराच वेळ एकटाच वाजतो आणि बाराव्या गाण्याच्या शेवटी आलेली सुरावट परत घेऊन येतो. गायक थांबला की टाळ्या वाजल्या किंवा कुणी आवाज कमी केला, तर सगळ्यात मोलाचा भाग हातचा गेला.

म्हणून रेकॉर्डिंग निवडताना गायकाइतकंच पियानोवादकाचं नाव बघा. तुमच्या पेटीत गायक फ्रिट्झ वुंडरलिशची डॉइच ग्रामोफोन कंपनीची एलपी असेल (दुसऱ्या बाजूला बेथोव्हन आणि शूबर्टची गाणी), तर आवाजासाठी ती जरूर ऐकवा. इतका मोकळा, ताजा टेनर (पुरुषाचा उंच आवाज) दुसरीकडे मिळणार नाही. ध्वनिमुद्रण १९६५ चं, आणि पुढच्याच वर्षी तो गेला, वयाच्या ३५ व्या वर्षी. पण त्यात हुबर्ट गीझेनचा पियानो मागे मागे राहतो. पूर्ण सत्रासाठी माझी पसंती गायक फिशर-डीस्काउ आणि पियानोवादक क्रिस्टोफ एशेनबाख यांना, किंवा अलीकडचं हवं असेल तर क्रिस्टियान गेरहाहर आणि गेरोल्ड हूबर यांना. दोन्ही जोड्यांत दोघे बरोबरीने बोलतात.

पट्टीकडेही लक्ष द्या. मूळ पट्टी उंच आवाजाची आहे, बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचे पुरुष गायक, ती खाली आणून गातात. त्यात गैर काही नाही, फक्त सगळी गाणी सारख्या अंतराने खाली यायला हवीत. एक थोडं आणि पुढचं जास्त खाली आलं, की पहिल्याचा अधांतरी शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांचा सांधा तुटतो. सातव्या गाण्यात वरची एक जागा गायकाच्या मर्जीवर सोडलेली आहे. कोण ती घेतं आणि कोण टाळतं, हे दोन रेकॉर्डिंग्ज पाठोपाठ लावून ऐकवण्यासारखं आहे.

कवितांचा मराठी सारांश छापून वाटा, पण एका पानावर मावेल एवढाच. शेवटच्या पियानोवर चाळीस जणांनी पान उलटलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

पुढच्या महिन्यात ‘फ्राउएनलीबे उंड लेबेन’ (‘स्त्रीचं प्रेम आणि आयुष्य’, ओपस ४२). आठच गाणी. गायिका जॅनेट बेकर आणि पियानोवादक मार्टिन इसेप यांचं असेल तर तेच लावा. नवऱ्याच्या मृत्यूवरच्या शेवटच्या गाण्यात गायिका थांबते आणि पियानो पहिल्या गाण्याची साथ जशीच्या तशी पुन्हा वाजवतो. त्यामुळे दोन टोकं ऐकू आल्याशिवाय या मालेला अर्थ नाही. निवडक गाणी लावू नका.

जांभा_आणि_चिरा

मध्यलय यांच्या निवडीबद्दल वाद नाही, क्रमाबद्दल आहे. भाषा न कळणाऱ्या श्रोत्यांना पहिल्याच दिवशी सोळा जर्मन गाणी नकोत. पियानो क्विंटेट (ओपस ४४) लावा. १८४२ ची रचना, पियानो आणि चार तंतुवाद्यं, अर्धा तास. सुरुवातच अशी दणदणीत की शेवटच्या रांगेतला माणूसही सावरून बसतो. दुसऱ्या भागात अडखळत चालणारी शोकयात्रेसारखी चाल आहे. चौथ्याच्या अखेरीस पहिल्या भागाची मुख्य सुरावट परत येते आणि चौथ्याच्या सुरावटीशी गुंफली जाते. म्हणून पहिली सुरावट आधी दोनदा वाजवून दाखवा. मग शेवटी ती आली की लोक आपणहून माना डोलावतील. रेकॉर्डिंग: बोझार त्रिओ आणि साथीदारांचं फिलिप्सचं समतोल आहे, बर्नस्टाइन आणि ज्युलिअर्ड क्वार्टेटचं जास्त तापलेलं. नवख्यांसाठी दुसरं.

त्याच वर्षीचं पियानो क्वार्टेट (ओपस ४७, पियानो आणि तीन तंतुवाद्यं) तुलनेने कमी वाजतं, हा अन्याय आहे. त्याच्या तिसऱ्या भागात चेलोवादकाला (चेलो म्हणजे खालच्या सुरांचं तंतुवाद्य) सर्वांत खालची तार, तो भाग चालू असतानाच, एक पूर्ण सूर उतरवावी लागते. कारण अखेरीस तिथे जो खर्ज धरून ठेवायचा आहे, तो चेलोच्या नेहमीच्या जुळणीत उपलब्धच नाही. चांगल्या स्पीकरवर तो खर्ज पोटात जाणवतो, मोबाइलच्या स्पीकरवर तो नाहीच.

एकट्या पियानोसाठी पियानोवादक राडू लुपुची डेक्का कंपनीची सीडी शोधा. ‘किंडरत्सेनेन’, ‘क्राइसलेरियाना’ आणि ‘ह्युमोरेस्क’ तिन्ही एकत्र आहेत. ‘ह्युमोरेस्क’मध्ये एके ठिकाणी शूमानने दोन हातांच्या ओळींच्या मधोमध तिसरी ओळ लिहिली आहे आणि ती वाजवायची नाही. ‘आतला आवाज’ असं वर लिहून ठेवलंय. वादकाने ती मनात धरायची आणि भोवतालचे सूर असे तोलायचे की तिचा भास व्हावा. लुपु ते करतो. ‘क्राइसलेरियाना’ मात्र पियानोवादक मार्ता आर्गेरिचचंही लावा. आठव्या तुकड्यात डाव्या हाताचे सूर अपेक्षित मात्रेवर पडत नाहीत. तालाची जाण असलेला तुमचा श्रोता ते लगेच पकडेल.

खारा_वारा

बुरशीबद्दल. आधी ७८ च्या तबकड्या वेगळ्या काढा. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोल लागलं की लाख विरघळते, तबकडी कायमची जाते. त्यांना फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, आणि लगेच कोरडं करणं.

एलपीसाठी चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत बसतात आणि मग कायमची चरचर. काम मास्क लावून, उघड्यावर. आधी मऊ ब्रशने कोरडी बुरशी झटका, मग मायक्रोफायबर कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा. आडवं पुसलंत तर घाण खाचांत आणखी खोल बसते. मधलं कागदी लेबल भिजू देऊ नका. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा हात फिरवा आणि पंख्याखाली उभी ठेवून वाळवा. उन्हात कधीच नाही, वाकते.

आतलं कागदी पाकीट फेकून द्या. बुरशीचं मूळ तिथेच असतं, धुतलेली एलपी त्यात परत घातली की महिन्याभरात पुन्हा तेच. नवं पॉलिथिनचं घाला. एलपी नेहमी उभ्या ठेवायच्या, एकावर एक नाही. कपाट पावसाची झड लागणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर हवं. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या खोक्यात पाव किलो निळं सिलिका जेल ठेवा. गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत परतून पुन्हा वापरता येतं. सोबत छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी येणारच. डांबराच्या गोळ्या नकोत, त्या प्लास्टिकला मारक.

सीडी मात्र गोल पुसायची नाही, मधून कडेकडे सरळ पुसायची.

पडवी_मालवण

फार उपयोगी. पहिल्या सत्राला क्विंटेट, दुसऱ्याला ‘डिश्टरलीबे’, असं धरते. गाणी सध्या मोबाइलवरच्या ॲपवरून लावून बघितली तर हळू गाणीही मोठ्या गाण्यांइतकीच जोरात येतात. हे असंच असतं का?

मध्यलय

नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज एकसारखा करण्याची सोय चालू असेल, ती बंद करा. गाण्यांमधला क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर आणा, शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) बंद. सत्रासाठी शक्यतो सीडीच लावा. दोन गाण्यांमधला थांबा ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी मोजून ठेवलेला असतो, आणि मध्येच जाहिरात येत नाही.

पत्र्यांचं म्हणाल तर जोराच्या सरीत ‘डिश्टरलीबे’चे मंद्र, हळुवार शेवट ऐकूच येणार नाहीत. आवाज वाढवून उपयोग नाही, पुढचं गाणं कानठळ्या बसवतं. ते सत्र ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, पाऊस ओसरल्यावर ठेवा. जुलैत क्विंटेट. पावसाला तेच पुरून उरेल.