मदत हवी आहे: उपग्रहाच्या मार्गाचं पेटंट, एफईआरमध्ये थ्री-के लागलंय

कक्षेतली_मी:

नमस्कार मंडळी, इथे पेटंटमधले आणि अंतराळातले असे दोन्हीकडचे जाणकार आहेत म्हणून विचारते. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचा पुण्यात छोटा स्टार्टअप आहे, तिघंच जण. उपग्रह आम्ही बनवत नाही, तो वर गेल्यावर कुठल्या वाटेने आपल्या ठरलेल्या कक्षेत पोचेल त्याचं गणित करतो. म्हणजे रॉकेट त्याला लांबट ट्रान्स्फर कक्षेत सोडून मोकळं होतं, तिथून ३५,७८६ किमी उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत त्याचं त्याने जायचं असतं. केमिकल इंजिन असेल तर मोजके मोठे धक्के देऊन काही दिवसांत काम होतं, पण इलेक्ट्रिक थ्रस्टर असेल तर जोर इतका कमी की कित्येक महिने गोल गोल फिरत वर चढत राहायचं. मार्च २०१५ मध्ये बोइंगचे पहिले दोन पूर्ण इलेक्ट्रिक उपग्रह गेले ते असेच चढले.

ह्या चढणीत उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की सोलर पॅनल बंद, आणि एवढी वीज खाणारा थ्रस्टर बॅटरीवर फार वेळ रेटता येत नाही. त्यात मध्येच काही बिघडून थ्रस्टर थांबला तर आखलेला मार्ग बोंबलतो, मग जमिनीवरून नवा मार्ग काढून पाठवेपर्यंत वाट बघायची. आमचं काम असं आहे की ही फेरआखणी उपग्रहावरच्या बारक्या प्रोसेसरवरच होते. सगळं ऑप्टिमायझेशन तिथे नव्याने करायचं नाही, जमिनीवर आधी काढून ठेवलेल्या थोड्या आकड्यांवरून थ्रस्टची नवी दिशा आणि चालू-बंदच्या वेळा काढायच्या, आणि बॅटरीत चार्ज किती उरलाय हेही त्यात धरायचं.

आता मुद्दा. फॉर्म १८ए भरून एक्स्पिडाइटेड परीक्षण मागितलं होतं म्हणून एफईआर (पेटंट ऑफिसचा पहिला परीक्षण अहवाल) लवकर आला, पण त्यात पहिलंच कलम ३(के), म्हणजे हे गणिती पद्धत आणि अल्गोरिदम आहे आणि त्यांना पेटंट देत नाहीत म्हणून. मग २(१)(जेए) खाली इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, म्हणजे जाणकाराला सहज सुचेल असं आहे, त्यासाठी आधीचे दाखले म्हणून डी१ एक रिसर्च पेपर आणि डी२ एक अमेरिकन पेटंट. आणि क्लेममधला, म्हणजे नेमका हक्क कशावर ते सांगणाऱ्या वाक्यातला, "ऑप्टिमल" हा शब्द अस्पष्ट आहे म्हणून १०(४), १०(५). आमचा क्लेम एक थोडक्यात असा आहे: उपग्रहाची स्थिती घेणे, कॉस्ट फंक्शन मिनिमाइज करणे, ऑप्टिमाइझ्ड ट्रॅजेक्टरी आउटपुट करणे. एजंट म्हणतायत की "प्रोसेसर आणि मेमरी" घालू, भागेल. मला नाही वाटत भागेल. उत्तराची मुदत जवळ येतेय. कुणी असं प्रकरण हाताळलंय का? आणि पुढे अमेरिकेत जायचं झालं तर आत्तापासून काय सांभाळावं?

अँटॉप हिल रिटर्न्ड:

ताई, तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे, प्रोसेसर-मेमरी घालून काही होत नाही. २०१६च्या सीआरआय (काँप्युटरशी संबंधित शोधांसाठीच्या) गाईडलाईन्समध्ये नवं हार्डवेअर असलंच पाहिजे अशी अट होती, ती २०१७ मध्ये काढली. डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानीच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने स्पष्ट म्हटलं की काँप्युटर प्रोग्रॅमवर आधारलेलं असलं तरी टेक्निकल इफेक्ट किंवा टेक्निकल काँट्रिब्युशन दाखवलं तर शोध थ्री-केमुळे बाद होत नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि रेथिऑनच्या निकालांनी तीच लाईन पुढे नेली, २०२५ मध्ये नव्या गाईडलाईन्सही आल्यात, त्या आधी वाचून काढा. हार्डवेअर नवं नसलं तरी चालतं, पण साधा प्रोसेसर चिकटवला म्हणून गणिताचं यंत्र होत नाही, आणि एक्झामिनर तेच लिहिणार.

तुमचा क्लेम "ट्रॅजेक्टरी आउटपुट करणे" इथे संपतो ही खरी अडचण आहे. आउटपुट म्हणजे आकडे. आकडे कागदावर पडले, कुणी बघितलेच नाहीत, तरी तुमचा क्लेम पूर्ण होतो. मग त्याला गणित म्हणणार नाही तर काय म्हणणार? मी एक्झामिनर असतो तर मीही तेच लिहिलं असतं. क्लेम थ्रस्टरपर्यंत न्या: गिंबल (थ्रस्टर वळवणारा सांधा) वळला, झडप उघडली, थ्रस्टर अमुक वेळी चालू झाला.

पण हे स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या तपशीलवार वर्णनात) मुळात लिहिलेलं असलं पाहिजे. कलम ५९ खाली दुरुस्ती करताना नवीन मजकूर घुसवता येत नाही आणि सुधारलेला क्लेम जुन्या क्लेमच्या आवाक्याबाहेर जाऊ शकत नाही. स्पेकमध्ये थ्रस्टर, गिंबल, बॅटरी सेन्सर ह्यांच्याबद्दल काय काय लिहिलंय ते आधी बघा आणि इथे सांगा. मुदत एफईआरच्या तारखेपासून सहा महिने, तीन महिने वाढवून मिळतात पण त्यासाठीचा फॉर्म ४ हा पहिले सहा महिने संपायच्या आत गेला पाहिजे. नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात.

चांदोबा_वाचक:

अडाणी प्रश्न, रागावू नका. ग्रह-तारे ज्या नियमाने फिरतात त्या वाटेचं पेटंट कसं काय मिळतं? उद्या कुणी चंद्राला वळसा घालण्याचं पेटंट घेईल.

लॅग्रांज बिंदू:

@चांदोबा_वाचक घेतलेलं आहे!

डिसेंबर १९९७ मध्ये एशियासॅट-३ नावाचा उपग्रह बायकोनूरहून प्रोटॉन रॉकेटवर गेला, वरच्या स्टेजने दगा दिला आणि तो भलत्याच कक्षेत अडकला, विषुववृत्ताशी सुमारे ५१ अंशांचा कोन. एवढा कोन सरळ करायला लागणारं इंधन त्याच्याकडे नव्हतं. इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस मानला. मग उपग्रह बनवणाऱ्या ह्यूजेसनेच तो ताब्यात घेतला आणि १९९८च्या मे आणि जूनमध्ये दोनदा चंद्राला वळसा घालून चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाकडून तो कोन बराचसा फुकटात कमी करून घेतला. कल्पना आधी एडवर्ड बेलब्रुनो आणि रेक्स रिडेनूर ह्यांनी सुचवली होती, ह्यूजेसने मात्र वेगळी, साधी फ्री-रिटर्न वाट (चंद्राला वळसा घालून आपोआप पृथ्वीकडे परत आणणारी) धरली. आणि त्या पद्धतीवर ह्यूजेसने पेटंट घेतली.

खरी मजा पुढे आहे. २००० साली ह्यूजेसचा उपग्रहांचा धंदा बोइंगने घेतला, पेटंटही तिकडे गेली. मार्च २००८ मध्ये एसईएस कंपनीचा एएमसी-१४ पुन्हा प्रोटॉनवरूनच गेला आणि पुन्हा अर्ध्यातच राहिला. चंद्राकडून फिरवून आणता येईल अशी चर्चा झाली आणि तेव्हा अंतराळ क्षेत्रातल्या बातम्यांत छापून आलं की बोइंगच्या पेटंटमुळे ते अडलंय. ते पेटंट कोर्टात टिकणार नाही असंही त्या क्षेत्रातल्या काहींचं म्हणणं होतं. शेवटी एसईएसने उपग्रह सोडून दिला, पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने घेतला.

माझं मत विचाराल तर निसर्गाच्या नियमावर हक्क कुणालाच नाही, पण "अशा अडकलेल्या उपग्रहाला अमुक वेळी धक्का द्या, मग परत येताना तमुक धक्का द्या" ही कृती झाली, त्यामुळे क्लेम होऊ शकतो. तरीही ते पेटंट मला खटकतं. अपोलोच्या काळापासून माहीत असलेली फ्री-रिटर्न वाट आहे ती.

डेल्टा-व्ही_देवा:

थ्री-के निघेल हो, मला काळजी इन्व्हेंटिव्ह स्टेपची आहे. ह्या विषयात प्रायर आर्ट (आधीपासून माहीत असलेलं काम) साठ-साठ वर्षं जुनं आहे. लो-थ्रस्टने कक्षा बदलायचं एडेलबॉमचं सूत्र १९६१चं, लॉडेनची प्रायमर व्हेक्टर थिअरी १९६३ची, आणि नंतर पेट्रोपौलोसचा क्यू-लॉ, थ्रस्टची दिशा ठरवायचा नियम, जो बारक्या प्रोसेसरवरही चालेल इतका हलका आहे. "यानावरच फेरआखणी" हेही नवीन नाही. १९९८ मध्ये गेलेल्या डीप स्पेस १ वर ऑटोनॅव होतं, ते लघुग्रहांचे फोटो काढून आपली जागा स्वतः ओळखायचं आणि आयन इंजिनाचा थ्रस्ट प्लॅन स्वतः सुधारायचं. थ्रस्टर मध्येच थांबल्याचं उदाहरण हवं असेल तर डॉन यान बघा, सप्टेंबर २०१४ मध्ये सेरेसकडे जाताना रेडिएशनच्या फटक्याने त्याचं आयन इंजिन चारेक दिवस बंद पडलं आणि पुढचा मार्ग नव्याने आखावा लागला. तो जमिनीवरच्या टीमने आखला, हा तुमच्या बाजूचा मुद्दा. पण हुशार एक्झामिनर डीप स्पेस १ आणि डॉन शेजारी ठेवून विचारेल की ह्यात तुम्ही काय केलंत?

एस्पासनेट ह्या पेटंट शोधायच्या साईटवर बी६४जी १/२४२ ह्या वर्गात, म्हणजे कक्षा आणि मार्ग ह्यांच्या वर्गात, स्वतः एकदा नीट शोधा. डी१, डी२ पेक्षा जवळचं काही निघालं तर ते तुम्हाला आधी कळलेलं बरं.

कक्षेतली_मी:

बापरे, एवढ्या लवकर एवढं! सगळ्यांचे आभार.

@अँटॉप हिल काका, स्पेक पुन्हा वाचलं. थ्रस्टरच्या गिंबलची आकृती आहे, बॅटरीच्या चार्जचा सेन्सर आहे, आणि ऑनबोर्ड काँप्युटर गिंबलला कमांड देतो असं एक अख्खं परिच्छेदभर लिहिलंय, फक्त क्लेममध्ये त्यातलं काहीच नाही.

@डेल्टा-व्ही दादा, डीप स्पेस १ सूर्याभोवती फिरत होतं, त्याला दर फेरीला सावलीत शिरायची भानगड नव्हती. आमचं सगळं सावली आणि बॅटरीवरच आहे. डी१ पेपरमध्ये सावली आहे पण सगळं जमिनीवर आणि उड्डाणाआधी, बॅटरी नाहीच. डी२ मध्ये ऑनबोर्ड आहे पण केमिकल इंजिन, मोजके धक्के. त्यात चार्जचा प्रश्नच येत नाही.

सॅन होजेकर:

मी वकील नाही पण इथे अमेरिकेत बरीच वर्षं ऑफिस ॲक्शनना, म्हणजे इथल्या एफईआरना, उत्तरं लिहिणाऱ्यांबरोबर काम केलंय. अमेरिकेत सेक्शन १०१ (पेटंट कशावर मिळू शकतं ते) आणि २०१४ची ॲलिस केस (ॲबस्ट्रॅक्ट कल्पना नुसती काँप्युटरवर चालवली म्हणून पेटंट नाही) लागेल. पण त्याआधीच्या दोन केसेस वाचा, फ्लुक १९७८ आणि डीअर १९८१. फ्लुकमध्ये अलार्मची मर्यादा सूत्राने पुन्हा पुन्हा काढत होते, हाती शेवटी आकडाच, बाद झालं. डीअरमध्ये रबर साच्यात किती शिजलं ते आऱ्हेनियसच्या समीकरणाने सतत मोजून नेमक्या वेळी प्रेस उघडत होते, टिकलं. काका जे थ्रस्टरपर्यंत न्या म्हणतायत ते हेच आहे. तिसरी २०१७ची थेल्स व्हिजनिक्स, पायलटच्या हेल्मेटवर आणि विमानावर असे दोन्हीकडे सेन्सर लावून डोक्याची दिशा काढायची. गणित भरपूर होतं तरी कोर्टाने ॲबस्ट्रॅक्ट म्हटलं नाही, कारण सेन्सरची मांडणीच वेगळी होती. तुमचा बॅटरी सेन्सर असाच पुढे आणा, क्लेमच्या कोपऱ्यात नको. युरोपात २०२१चा जी १/१९ निर्णय बघा, नुसत्या सिम्युलेशनवर तिथेही भागत नाही.

आणि एक, अमेरिकेच्या कायद्यात १९९० पासून सेक्शन १०५ आहे, अमेरिकेच्या अखत्यारीतल्या यानावर अंतराळात वापरलेला शोध अमेरिकेतच वापरला असं धरतात. आपल्या कायद्यात असं कलम नाही, त्यामुळे भारतात एक क्लेम ग्राउंड स्टेशनच्या बाजूचाही ठेवा, ते आकडे काढून वर पाठवण्याचा. वरचं कोण बघायला जाणार.

अँटॉप हिल रिटर्न्ड:

सॅन होजेकरांना अनुमोदन, पण ग्राउंड स्टेशनचा क्लेम आत्ता नव्याने घालायला गेलात तर कलम ५९ आडवं येईल. जुन्या क्लेमच्या आवाक्यात बसतोय का ते एजंटकडून तपासून घ्या. आणि त्यांनी न सांगितलेली गोष्ट, परदेशात अर्ज करण्याआधी कलम ३९. भारतात अर्ज करून सहा आठवडे उलटलेत आणि सीक्रसी डायरेक्शन (शोध गुप्त ठेवायचा आदेश) आलेली नाही तर हाच शोध बाहेर नेता येतो. पण नंतर केलेली सुधारणा मूळ अर्जात नसेल आणि ती तशीच अमेरिकेत टाकली तर फॉर्म २५ने आधी परवानगी लागते. अंतराळाचं काम संरक्षणाच्या जवळ जातं, तिथे ढिलाई नको, कलम ११८ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पीसीटीचे, म्हणजे अनेक देशांसाठीच्या एकत्रित अर्जाचे, बारा महिने पहिल्या अर्जापासून मोजायचे, ते उलटायला किती राहिलेत ते आजच बघा.

कक्षेतली_मी:

पीसीटी गेलंय, मूळ अर्ज जसाच्या तसा, त्यामुळे ३९ची काळजी नाही. क्लेम एकचा नवा मसुदा, मराठीत सांगते:

थ्रस्टर ठरल्याआधी थांबल्याचा सिग्नल आणि बॅटरीचा चार्ज ऑनबोर्ड काँप्युटरने सेन्सरकडून घेणे. साठवलेल्या गुणकांवरून पुढच्या सावलीत शिरायच्या आधीच्या आणि बाहेर आल्यानंतरच्या थ्रस्टच्या वेळा आणि दिशा काढणे, अशा की चार्ज ठरलेल्या मर्यादेखाली जाणार नाही. आणि गिंबल त्या दिशेला वळवून त्या वेळी थ्रस्टर चालू करणे. "ऑप्टिमल" शब्द काढला.

अँटॉप हिल रिटर्न्ड:

हं, आता ह्यावर भांडता येईल. "ठरलेली मर्यादा" किती आणि कशी ठरते ते स्पेकमध्ये आहे ना? नसेल तर १०(४) परत येईल. उत्तरात टेक्निकल इफेक्ट असा वेगळा मथळा देऊन लिहा आणि आकडे द्या, "कार्यक्षमता वाढते" असली वाक्यं नकोत. तरी हिअरिंग लागेलच असं धरून चाला. व्हिडिओवर असते, आणि झाल्यावर लेखी म्हणणं पंधरा दिवसांत द्यायचं असतं. ते कच्चं आत्ताच लिहून ठेवा, नंतर धावपळ होते.

डेल्टा-व्ही_देवा:

आकड्यांचा तक्ता करताना तुलना तुमच्याच जुन्या पद्धतीशी करू नका, डी१च्या पद्धतीशी करा, तेच उपग्रहाचं वजन, तोच थ्रस्टर, तीच सुरुवातीची कक्षा. झेनॉन (थ्रस्टरचं इंधन) किती लागला, चढायला दिवस किती, बॅटरी किती खोल उतरली. एक रन सावली लांब पडते त्या तारखांचा आणि एक सावली जवळजवळ नाहीच अशा तारखांचा. दुसऱ्यात फरक दिसणार नाही, तोही द्या, कारण फायदा सावलीमुळेच येतोय हे त्यानेच सिद्ध होतं. डी१चा अल्गोरिदम पेपरवरून कोड करायला अडलं तर इथेच विचारा, मी केलाय.