शेक संपून चौदा महिने झाले, थायरॉइडची गोळीही सुरू आहे; तरी थकवा का जात नाही?

फळा_खडू

नमस्कार. मी ५१ वर्षांचा असून सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. डाव्या गालाच्या आतील कॅन्सरसाठी माझी शस्त्रक्रिया झाली, मानेतील गाठी काढल्या, आणि त्यानंतर किरणोपचाराचे ३० शेक (एकूण ६० ग्रे; ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) व दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध असे उपचार पूर्ण होऊन आता चौदा महिने झाले आहेत. फेरतपासण्यांत आजार परतल्याची खूण आढळलेली नाही. तंबाखू कायमची सुटली आहे.

अडचण थकव्याची आहे. शेक संपल्यावर दोन-तीन महिन्यांत बरे वाटू लागले होते, परंतु दिवाळीनंतर अंगातले त्राण पुन्हा जाऊ लागले. तिसऱ्या तासाला फळ्यावरचे उदाहरण अर्धे सोडवून होते आणि हात आपोआप खाली येतो. मग उरलेले मी मुलांना पुढे बोलावून सोडवून घेतो. एप्रिलच्या सकाळच्या शाळेत दोन्ही पंखे सुरू असताना मी एकटा स्वेटर घालून बसलेला असतो. पोट साफ होत नाही, आवाज जड झाला आहे. गावातील डॉक्टरांनी ‘एवढ्या आजारानंतर अशक्तपणा राहायचाच’ असे म्हणून टॉनिक लिहून दिले आणि त्यात तीन महिने गेले. अखेर किरणोपचार विभागाच्या फेरतपासणीत टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारे संप्रेरक) १८.४ निघाले (प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४.५), फ्री टी४ (रक्तातील थायरॉइडचे संप्रेरक) कमी होते, म्हणून त्याची भरपाई करणारी थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. आठ आठवड्यांनी पुन्हा तपासले, तर टीएसएच १६.१.

गोळी एकही दिवस चुकलेली नाही. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही आणि लाळ जवळजवळ नाही, त्यामुळे गिळण्याचा त्रास एकदाच उरकावा म्हणून पत्नी सकाळी थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम कुटून प्रोटीन पावडरच्या दुधात कालवून देते, आणि त्यावर लोहाचे टॉनिक घेतो.

मात्रा कमी पडते आहे का? ग्रंथी बिघडली याचा अर्थ कॅन्सर तिकडे सरकला असा तर नाही ना? शिवाय मेहुणे म्हणतात की कोबी-फ्लॉवर बंद करा आणि आयोडीन वाढवा. त्यात तथ्य आहे का?

मिरजेचा_औषधवाला

सर, बावीस वर्षे औषधांच्या दुकानात उभा आहे, डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. पण आपले उत्तर आपल्याच शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. कॅल्शियम आणि लोह हे दोन्ही पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट उतरू देत नाहीत. दुधाने आणि सोयाच्या पावडरनेही शोषण कमी होते. म्हणजे गोळी रोज पोटात जाते आहे, पण तिचा बराच भाग अंगी लागत नसावा. मात्रा वाढवण्याआधी ही घडी बदलण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोला. नाहीतर मात्रा वाढेल, पुढे कधी टॉनिक बंद होईल, आणि तीच मात्रा एकाएकी जास्त होऊन छातीत धडधड सुरू होईल.

उठल्याबरोबर गोळी चमचाभर साध्या पाण्यात विरघळवून घ्यावी, वर घोटभर पाणी प्यावे आणि पुढचा अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. (चहाची अट ऐकल्यावर गिऱ्हाइकांचे चेहरे पडतात, पण इलाज नाही.) कॅल्शियम आणि लोह किमान चार तासांनी घ्यावे. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवाव्यात, दमट जागी नकोत. थायरॉक्सिन निम्मे होण्यास शरीरात सुमारे सात दिवस लागतात, म्हणून बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांच्या आत केलेली टीएसएचची तपासणी खरे चित्र दाखवत नाही. टॉनिकात बायोटिन हे जीवनसत्त्व जास्त असेल तर तेही प्रयोगशाळेला सांगा, कारण त्याने आकडे फसवे येऊ शकतात.

गोदाकाठची_लेक

माझ्या वडिलांना स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी शेक दिले होते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाची भीती मी ओळखते. आम्हाला डॉक्टरांनी चित्र काढून समजावले होते: थायरॉइड मानेच्या खालच्या भागात, श्वासनलिकेच्या पुढे असते, आणि मानेतील गाठींच्या जागेवर शेक देताना तिचा काही भाग किंवा ती सगळीच त्या पट्ट्यात येते. तिचे काम हळूहळू मंदावते आणि ते बहुधा काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांत लक्षात येते. म्हणून मानेला शेक घेतलेल्यांनी दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच तपासावे, असे सांगितले जाते. तो कॅन्सर पसरल्याचा पुरावा नव्हे. ग्रंथी किरणांनी दुखावलेली असल्यामुळे जादा आयोडीनने ती सुधारत नाही, उलट बिघडू शकते. शिजवलेला कोबी खुशाल खा. मऊ असतो, गिळायलाही सोपा.

मात्र सगळा भार थायरॉइडवर टाकू नका. बाबांचे टीएसएच मर्यादेत आले तरी ते दुपारी अंथरूण सोडत नव्हते. हिमोग्लोबिन पाहिले, ते ९ होते. तोंड कोरडे पडून रात्री चार-पाच वेळा पाणी प्यायला उठत होते, म्हणजे झोपेचे खोबरे. सिस्प्लॅटिन घेतलेल्यांच्या रक्तात मॅग्नेशियम कमी असू शकते, तेही एकदा विचारून घ्या. मन खचले आहे का, हे आम्ही विचारलेच नव्हते. आणि आश्चर्य म्हणजे विश्रांतीपेक्षा चालण्याने त्यांना अधिक फरक पडला. सुरुवातीला सोसायटीच्या फाटकापर्यंतच जात होते. बाबांना हृदयविकार असल्याने थायरॉक्सिन २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू केले होते, त्यामुळे दुसऱ्याची मात्रा पाहून स्वतःची ठरवू नका.

फळा_खडू

नऊ आठवड्यांनी लिहितो आहे. डॉक्टरांना सगळे सांगितले. त्यांनी मात्रा ५० च ठेवली आणि फक्त वेळा बदलल्या. आता पहाटे साडेपाचला गोळी, साडेसहाला चहा, प्रोटीनचे दूध शाळेतून आल्यावर आणि कॅल्शियम व लोह जेवणानंतर वेगवेगळ्या वेळी घेतो. टीएसएच ६.२ आले आहे, आणि मात्रा थोडी वाढवायची की नाही हे पुढच्या भेटीत ठरणार आहे. स्वेटर कपाटात गेला. थकवा पूर्ण गेलेला नाही. पाचव्या तासाला अजूनही खुर्ची लागते, त्यामुळे मुख्याध्यापकांशी बोलून गणिताचे तास पहिल्या तीन तासांत घेतले आहेत. हिमोग्लोबिन १०.४ आहे, त्याची चौकशी सुरू आहे. मेहुण्यांना कोबीचे कळवले, ते मात्र अजून मानायला तयार नाहीत.