रजा संपून ४३ दिवस झाले. कोर्ट मार्शल होणारच का?

प्रश्न (सेलू, जि. परभणी):
माझा पुतण्या लष्करात शिपाई असून त्याचे युनिट पंजाबात आहे. थोरल्या भावाला, म्हणजे त्याच्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आल्याने छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्या धावपळीत रजा संपून ४३ दिवस उलटले. परवा घरी पोलीस येऊन गेले. आता कोर्ट मार्शल ठरलेलेच आहे, मग जाऊन काय उपयोग, असे तो म्हणतो. हे खरे आहे का? आणि तिथे वकील देता येतो का?

उत्तर (निवृत्त सुभेदार, नांदेड):
पोलीस आले ते युनिटने पाठवलेल्या अप्रिहेन्शन रोलमुळे, म्हणजे गैरहजर जवानाला पकडण्याच्या पत्रामुळे. गैरहजेरीचे ३० दिवस भरले की लष्कर कायदा, १९५० च्या कलम १०६ नुसार कोर्ट ऑफ इन्क्वायरी (चौकशी मंडळ) बसते. ती शिक्षा नव्हे. रजेहून उशिरा येणे कलम ३९ खाली मोडते, कमाल कैद ३ वर्षे. पळून जाणे कलम ३८ खाली, एरवी ७ वर्षांपर्यंत, युद्धसेवेत थेट मृत्युदंडापर्यंत. दोहोंत फरक परत न जाण्याच्या इराद्याचा आहे, म्हणून पोलिसांनी धरून नेण्याआधी त्याने स्वतः हजर व्हावे. टोपी-बेल्ट उतरवून त्याला सीओ (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) साहेबांसमोर उभे करतील. ते कलम ८० खाली २८ दिवसांपर्यंत कैद देऊन प्रकरण तिथेच मिटवू शकतात. मी पाहिलेली बहुतेक प्रकरणे अशीच मिटली. रेड इंक एंट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, मात्र कागदावर राहते.

उत्तर (वकील, छत्रपती संभाजीनगर):
समरी कोर्ट मार्शल (युनिटमधलाच संक्षिप्त खटला) झाले तर सीओ एकटेच न्यायाधीश असतात. आणखी दोघे हजर असतात, पण निर्णयात त्यांचा वाटा नसतो. तिथे वकिलाला बाजू मांडता येत नाही; वकील किंवा दुसरा कोणी ‘फ्रेंड ऑफ द अ‍ॅक्यूज्ड’ (आरोपीचा मदतनीस) म्हणून केवळ सल्ला देतो. किमान तीन अधिकाऱ्यांच्या डिस्ट्रिक्ट आणि किमान पाच अधिकाऱ्यांच्या जनरल कोर्ट मार्शलमध्ये वकील देता येतो. समरी ऑफ एव्हिडन्स (खटल्याआधीचे साक्षीपुरावे) नोंदवताना साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याचा हक्क पुतण्याने सोडू नये आणि ‘लवकर सुटेल’ म्हणून गुन्हा कबूल करू नये, कारण योग्य कारण होते की नाही हाच तर कलम ३९ चा गाभा आहे. शिक्षेविरुद्ध सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

प्रश्नकर्ते:
उद्या परभणीहून सचखंड एक्स्प्रेसने त्याला पाठवतो. दवाखान्याचे कागद मूळ द्यायचे की झेरॉक्स?

निवृत्त सुभेदार:
झेरॉक्स द्या, पोच घ्या. मूळ कागद भावाच्या उशाशी राहू द्या.