व्यायाम पुन्हा सुरू केल्यावर वजन दीड किलोने वाढले, हे कशामुळे?

प्रश्न (पुनरारंभ):
जवळपास आठ महिन्यांच्या खंडानंतर मी अठरा दिवसांपूर्वी व्यायामाला पुन्हा लागले. आठवड्यातून तीन दिवस वजने उचलण्याचा व्यायाम आणि दोन दिवस धावणे असा क्रम आहे. आहारात जाणूनबुजून काहीही बदल केलेला नाही. तरीही वजनकाटा पहिल्या दिवसापेक्षा 1.6 किलो अधिक दाखवतो. कपडे मात्र पूर्वीइतकेच बसतात, आणि हेच मला उमगत नाही. मी जेवण कमी करावे, की व्यायामच चुकतो आहे असे समजावे?

प्रतिसाद 1 (संथ_पण_सतत):
आधी थोडा हिशेब करून पाहू. शरीरावर एक किलो चरबी चढण्यासाठी ढोबळमानाने 7,700 कॅलरी गरजेपेक्षा जास्त पोटात जाव्या लागतात. त्या मापाने 1.6 किलो चरबीसाठी अठरा दिवस रोज सुमारे 680 कॅलरी अधिक खाव्या लागल्या असत्या, आणि त्याही व्यायामात खर्च झालेली ऊर्जा भरून काढल्यावर. एवढे जास्तीचे खाणे सहसा लक्षात आल्यावाचून राहत नाही. इतक्या थोड्या दिवसांत दीड किलो स्नायू तयार होणेही संभवत नाही, त्यामुळे ‘चरबी गेली आणि स्नायू आले’ हे नेहमीचे सांत्वन मी आपल्याला देणार नाही. उरते ते मुख्यतः पाणी.

हे पाणी निरनिराळ्या वाटांनी साठते. स्नायू आपले इंधन ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतात. बैठ्या दिनक्रमात हा साठा बेताचा असतो; नियमित व्यायाम सुरू झाला, की शरीर तो वाढवू लागते. समजा, साठ्यात 250 ग्रॅमची भर पडली, तर पाण्यासह काट्यावर एक किलोची वाढ दिसेल, आणि त्यात चरबीचा अंशही नसेल.

दुसरे कारण आपल्याला जिना उतरताना जाणवले असेल. सवय मोडलेल्या स्नायूंवर अचानक ताण आला, की त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, ती भरून काढताना तेथे दाह होऊन पाणी साचते आणि अंग आंबते. हे दुखणे साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते.

तिसरे कारण विशेषतः धावण्याशी निगडित आहे. दमसासाच्या व्यायामाने पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवभाग वाढतो, तांबड्या पेशी मात्र सावकाश वाढतात. (याच काळात रक्ततपासणी केल्यास हिमोग्लोबिन किंचित कमी दिसू शकते आणि माणूस विनाकारण धास्तावतो.) ही वाढ हृदयाच्या सोयीची असते, कारण प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त पुढे ढकलता येते.

प्रतिसाद 2 (मोजपट्टी):
वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु सगळा भार पाण्यावर टाकण्याबाबत थोडी सावधगिरी बाळगावी असे वाटते. व्यायामाने काहींची भूक वाढते, आणि ‘आज घाम गाळला आहे’ या समाधानात घास कधी वाढतो ते आपले आपल्यालाच कळत नाही. माझ्या बाबतीत तसेच झाले होते. मी पहिले दोन महिने कारण म्हणून पाणीच पुढे करत राहिलो आणि कमरेचा घेर 3 सेंटिमीटरने वाढल्यावर जागा झालो. म्हणून बेंबीच्या पातळीवर घेर मोजून ठेवावा. वजन वाढले आणि घेर तेवढाच राहिला, तर निश्चिंत असावे. दोन्ही सोबत वाढत असतील, तर ताटाकडे पाहावे.

पुनरारंभ:
दोघांचेही आभार. घेर आजच मोजला. जुन्या नोंदीपेक्षा तो अर्धा सेंटिमीटर कमीच आहे. पहिले आठ-दहा दिवस मांड्या इतक्या भरून आल्या होत्या, की खाली बसणे नकोसे झाले होते. वजन मात्र मी कधी सकाळी, तर कधी रात्री जेवणानंतर करते, हे कबूल करायला हवे.

प्रतिसाद 3 (संथ_पण_सतत):
मग त्या 1.6 किलोंतील काही भाग केवळ वेळेच्या फरकाचाही असू शकेल, कारण एकाच दिवसात खाण्यापिण्यामुळे वजन एक-दोन किलोंनी खालीवर होणे नवलाचे नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी वजन करावे आणि एकेका आकड्याऐवजी सात दिवसांची सरासरी मागील आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. मासिक पाळीच्या आधीही शरीरात पाणी साठत असल्याने महिन्याची तुलना पाळीच्या त्याच टप्प्याशी करणे अधिक न्याय्य ठरते. जेवण तूर्त कमी करू नये. ताण नवा असताना उपासमार केली, तर इजा भरून येण्यास विलंब होतो. दुखणे ओसरले, की दाहाचे पाणीही उतरते. ग्लायकोजेनचे पाणी व्यायाम चालू असेपर्यंत बहुधा राहील आणि ते राहणेच इष्ट आहे.

एक अपवाद मात्र ध्यानात असावा. घोट्यांवर सूज येणे, धाप लागणे, दोन-तीन दिवसांत वजन झपाट्याने चढणे, किंवा कठोर व्यायामानंतर असह्य वेदनांसह लघवी गडद तपकिरी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास येथे विचारत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.