रिमला पोचा आणि मागचे २ स्पोक तुटलेले, अशी डर्ट बाईक ट्रेलवर न्यावी का?

चिखलराजा
नमस्कार मंडळी. सेकंडहँड २५० ची डर्ट बाईक घेतलीय, इंजिन आणि सस्पेन्शन झकास आहे पण चाकं खराब आहेत, ते घेतानाच दिसत होतं आणि त्यामुळेच भाव उतरला. पुढच्या २१ इंची रिमच्या कडेला एक पोचा आहे, अंगठ्याच्या नखाएवढा असेल. मागच्या चाकात २ स्पोक तुटलेत, तेही शेजारी शेजारी, आणि अजून काही हाताला ढिले लागतात. चाक फिरवलं की डावीउजवीकडे लहरत जाताना दिसतं. रविवारी ग्रुपबरोबर ट्रेलला जायचं ठरलंय आणि सामान तोपर्यंत काही हातात येत नाही. जंप मारणार नाहीये, सगळ्यात मागून हळूहळू येईन. चालेल का एवढ्यापुरतं? ज्यांनी चाकांची कामं स्वतः केलीत त्यांनी जरा नीट सांगा.

जुना_पाना
पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळं बघ, दोन्हीकडचा प्रॉब्लेम सारखा नाहीये.

मागचं आधी. तिथं माझं उत्तर सरळ नाही असं आहे. ३६ स्पोकच्या चाकात कुठेतरी एक तुटला तर हळू चालवत घरी येता येतं, पण शेजारचे दोन गेले म्हणजे रिमच्या तेवढ्या भागाला धरणारं कमी झालं, त्यांचा भार बाजूच्या स्पोकवर येतो आणि मग तेही एकेक करत जातात. त्यात मागच्या चाकातले स्पोक नुसतं वजन उचलत नाहीत, इंजिनची ओढ आणि ब्रेकचा ताण पण तेच हबपासून (चाकाच्या मधला भाग) रिमपर्यंत नेतात, म्हणजे तू कितीही हळू जा, चढावर गिअर टाकून थ्रॉटल दिलास की ताण आलाच. आणि तुटलेला स्पोक अजून लोंबत असेल तर तो आजच काढून टाक, चेनमध्ये नाहीतर ब्रेक कॅलिपरमध्ये अडकला तर चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं.

आता आउट, म्हणजे फिरताना चाक किती लहरतंय, ते मोजून बघ, नजरेवर जाऊ नको. बाईक खोक्यावर चढव, स्विंगआर्मला (मागचं चाक धरणारा दांडा) एक केबल टाय बांध आणि त्याचं टोक रिमला जेमतेम टेकेल असं काप. चाक हळू फिरव, सगळ्यात जवळ आणि सगळ्यात लांब यातला फरक बघ. बाजूला हलतंय ते वेगळं मोज आणि वरखाली उडतंय ते वेगळं. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये दोन्हीची मर्यादा २ मिमी दिलेली असते.

पुढच्या रिमचा पोचा नुसता पोचा असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही. पण तिथे तडा नाही याची खात्री करायला टायर उतरवावा लागेल, वरून बघून कळत नाही.

रानवाट_राइडर
माझं मत थोडं वेगळं आहे. दगडाच्या ट्रेलवर फिरणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या रिमला एखाददुसरा पोचा असतोच, ट्यूब असेल तर हवा पण जात नाही, लोक वर्षानुवर्षं तसेच फिरतात. स्पोकचं म्हणशील तर २ नवीन टाक, बाकीचे आवळ आणि जा की रविवारी. प्रत्येक गोष्टीला नवीन रिम म्हणत बसलं तर बाईक कधी चालवायची?

जुना_पाना
@रानवाट_राइडर पोच्याबद्दल तू म्हणतोस ते मला पटतं. पण स्पोक कशामुळे तुटले ते न बघता नुसते दोन टाकून आवळायचे हे नाही पटत. बरेचदा आधीपासून ढिलं चाक तसंच चालवलेलं असतं, मग बाकीचे स्पोक पण वाकून वाकून थकलेले असतात. आणि रिमच वाकडी असेल तर स्पोक ओढून ती सरळ दिसेल, पण एका बाजूचे खूप ताठ आणि दुसऱ्या बाजूचे ढिले राहतात, असं चाक परत आउट होतंच.

मातीची_पोर
मी एन्ड्युरो चालवते आणि माझ्या चाकांचं काम मीच करते. चिखलराजा, तू "हळू चालवीन" म्हणतोयस त्यावर बोलायचंय. चाकाला फटका फक्त स्पीडमुळे बसत नाही. खड्ड्याच्या पलीकडची कड, मुळी, पाण्यातला न दिसणारा दगड, हे हळू जातानाही लागतात, उलट नवीन माणूस हळू जाताना बसून राहतो आणि सगळं वजन चाकावर येतं. मागचं चाक गेलं तर बाईक बसते, बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं गेलं तर हँडल हातातच राहत नाही, माणूस सरळ पुढे फेकला जातो. म्हणून मी पुढच्या चाकाबाबत जास्त कडक आहे.

टायर काढशील तेव्हा पोच्याच्या आतली बाजू रॉकेलने स्वच्छ पूस आणि बॅटरी तिरकी धरून बघ. केसासारखी रेघ दिसली तर त्यावरून नख फिरव, अडकलं तर तो ओरखडा नसून तडा असू शकतो. निपलची (स्पोक रिमला धरणारा छोटा नट) भोकं आणि रिमचा जोड या दोन जागा तर चुकवूच नको, अॅल्युमिनियम तिथूनच चिरतं. आणि कुणी सांगितलं की गरम करून ठोकून पोचा काढू तर दोनदा विचार कर, रिमचा अॅल्युमिनियम जास्त तापवला की त्याचा कडकपणा जातो आणि मग पुढच्या दगडाला ती आणखी सहज चेपते.

हात लागलाच आहे तर बेअरिंग पण बघून घे. चाक वर आणि खाली धरून आडवं हलव, टकटक खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय, आणि मग आउट मोजून पण उपयोग नाही कारण आकडा खोटा येतो.

चिखलराजा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दोन्ही टायर उतरवले. पुढच्या पोच्यात तडा नाही, नख कुठेच अडकत नाही, आउट १ मिमीच्या आत आहे, बेअरिंग घट्ट. मागे मात्र वेगळंच निघालं, तुटलेल्या स्पोकच्या शेजारच्या निपलच्या भोकापासून रिमच्या कडेकडे एक रेघ गेलीय आणि नख स्पष्ट अडकतं. आउट ४ मिमीच्या वर. हे वेल्डिंग करून चालेल का?

मातीची_पोर
नाही. वेल्डिंगच्या बाजूची धातू मऊ पडते आणि ओढ नेमकी त्याच भोकावर असते. ती रिम बाद समज, तिच्यावर आता कुणालाच बसवू नको, अंगणातल्या फेरीला सुद्धा नाही.

रानवाट_राइडर
तडा असेल तर माझं आधीचं म्हणणं मागे. रविवारी नको नेऊ.

जुना_पाना
हब चांगला असेल तर तोच ठेव, नवीन रिम आणि स्पोक-निपलचा पूर्ण सेट घे. जुने स्पोक नवीन रिमला लावू नको. मागवण्याआधी भोकांची संख्या मोज, मागे ३६ असतात किंवा ३२, आणि साइज १८ इंच की १९ ते टायरवर बघ.

आवळताना रिम लॉकपासून (टायर रिमवर सरकू नये म्हणून आतून दाबून धरणारा तुकडा) सुरू कर, एक आवळायचा, दोन सोडायचे, परत एक, असं पूर्ण गोल, आणि प्रत्येकाला एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. मग शेजारच्यापासून दुसरा गोल, मग तिसरा. पान्याने हलकं टिचकून बघ, टण्ण वाजला तर ताण आहे, थप्प वाजला तर ढिला. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. जास्तही आवळू नको, स्पोकचं टोक निपलमधून वर येऊन ट्यूब फोडतं, म्हणून रिम टेप (निपल आणि ट्यूबच्या मधली पट्टी) घालण्याआधी बोट फिरवून बघ. नवीन चाकाचे स्पोक पहिल्या राइडमध्ये बसतात आणि ढिले होतात, तेव्हा थोडं फिरून परत तपास, रिम लॉकच्या जवळचे तर दर वेळी.

चिखलराजा
भोकं ३६, साइज १८. रिम आणि सेट आजच मागवतो. पुढच्या पोच्यासाठी हवा किती ठेवू, आत्ता १० पीएसआय आहे.

मातीची_पोर
दगड असतील तर १० कमी आहे, पोचा वाढेल आणि ट्यूब पण चिमटेल. १४-१५ ठेव, आणि प्रत्येक राइडनंतर पोच्याच्या जागी नख फिरवत जा.