झेनची बॅटरी डिकीत टाकायचीय, सेल्फच्या केबलला फ्यूज लावायचा की नाही?

झेनवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. जुनी मारुती झेन आहे, एमपीएफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शन वाली, ऑटोक्रॉससाठी (मैदानात घड्याळ लावून गाडी पळवायची स्पर्धा) हळूहळू तयार करतोय. बॅटरीच्या जागेवर मोठा एअर फिल्टर आणि सरळ इनटेक पाइप आणायचाय, म्हणून बॅटरी उचलून डिकीत टाकायचं डोक्यात आहे, पुढचं वजनही जरा कमी होईल. इथल्या एका वायरमनला विचारलं तर म्हणाला वेल्डिंगची केबल आण, गाडीच्या खालनं ब्रेक पाइपला टाय मारत नेतो, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा. फ्यूजचा विषय काढला तर म्हणे सेल्फच्या लायनीला फ्यूज कोण लावत नाही, सेल्फ मारला की उडतोय, आणि कंपनीनं तरी कुठं लावलाय? पुढं बघितलं तर खरंच बॅटरीपासून सेल्फपर्यंत केबल थेट आहे. पण मला काय पटंना. केबल किती जाड घेऊ, फ्यूज लागतो का, आणि साधी ॲसिडची बॅटरी मागं चालते का? ३५ एएचची आहे, नवीन घेतलीय, जमलं तर तीच वापरणार.

स्पॅनर_सदाशिव

कंपनी पुढे फ्यूज लावत नाही हे खरंय, पण का लावत नाही ते बघ ना. तिथे केबल हातभर लांब असते, बॅटरीपासून सुटते ती थेट सेल्फवर, मध्ये कुठे पत्र्याला घासत नाही. तू तीच केबल साडेचार मीटर करणार, ती सीटखालून, सिलवरून (दाराखालचा उंबरा), फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकातून जाणार, आणि गाडीचा सगळा पत्रा म्हणजे निगेटिव्ह. कुठेही इन्सुलेशन कापलं गेलं, सीटच्या रेलचा स्क्रू लागला, नाहीतर मागून कुणी ठोकली आणि पत्रा चेपला, की बॅटरी थेट शॉर्ट. ३५ एएचची चांगली चार्ज बॅटरी शॉर्टमध्ये हजार अँपिअरच्या घरात करंट देते. ३५ स्क्वेअरची (म्हणजे ३५ चौरस मिलिमीटरची) तांब्याची केबल त्या करंटला पंधरा-वीस सेकंदात इन्सुलेशन वितळेल इतकी तापते, आणि ती कार्पेटखाली आहे. तेव्हा बोनेट उघडून काय करणार, बॅटरी मागे. म्हणून फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या प्लस टर्मिनलच्या शेजारी, फार तर वीतभर अंतरावर. पुढे सेल्फजवळ लावला तर त्याचा उपयोग शून्य, कारण फ्यूजच्या अलीकडची सगळी केबल उघडीच राहते.

आता सेल्फ मारला की उडतो का? तुझ्या एक लिटरच्या इंजिनाचा सेल्फ क्रँक होताना शंभर ते दीडशे अँपिअर ओढतो, पहिल्या झटक्याला त्याच्या दुप्पट किंवा जास्तही जातो पण तो क्षणभर. काचेचा किंवा ब्लेडचा फ्यूज लावशील तर उडणारच, त्यासाठी बोल्टवर बसणारे एएनएल किंवा मेगा फ्यूज येतात ते अशा झटक्याला दाद देत नाहीत. ३५ स्क्वेअर केबलला २०० अँपिअरचा एएनएल घाल. फक्त ऑडिओच्या दुकानात सोनेरी मुलाम्याचे नाव नसलेले मिळतात ते घेऊ नको, त्यातले कधी उडतील आणि कधी उडणारच नाहीत याचा काही नेम नाही.

केबलचा हिशोब सरळ आहे. साडेचार मीटरला दीडशे अँपिअर धरले तर १६ स्क्वेअरमध्ये ०.८ व्होल्ट वाटेतच जातात, २५ मध्ये अर्धा, ३५ मध्ये ०.३७ आणि ५० मध्ये पाव व्होल्ट. झेनला ३५ पुरे. वेल्डिंग केबल वाईट नसते, बारीक तारांची असल्याने वळते छान, पण एचओएफआर लिहिलेली घे म्हणजे उष्णता आणि तेलाला टिकेल, आणि विकत घेताना टोक कापून ब्लेडने तार खरवडून बघ. आतून पांढरी निघाली की ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा देऊन विकतात. त्यात तांब्याच्या दोनतृतीयांशाहूनही कमी वहन होतं म्हणजे ३५ ची केबल २२-२३ च्या लायकीची.

खालून ब्रेक पाइपला टाय मारून? अजिबात नाही. खड्डा, दगड, चिखल, सायलेन्सर, सगळं तिथेच आहे आणि वर ब्रेकच्या पाइपला चिकटून प्लस केबल, यावर मी अजून काय बोलू. आतून सिलच्या कडेने घे, कोरुगेटेड पाइपमध्ये घालून, दर फूटभर अंतरावर क्लिप. पत्र्यातून जाईल तिथे रबर ग्रोमेट आणि भोकाची धार आधी कानसने गोल करून घे. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आहे, तिच्या पाइपांपासून लांब ठेव.

म्युनिकवाला_मराठी

इकडे बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी कंपनीतूनच डिकीत असते, माझी जुनी ई४६ पण तशीच. सेल्फकडे जाणाऱ्या केबलचं प्लस टर्मिनल साधं नाही, त्यात छोटा बारूद असतो. जोराचा अपघात झाला की एअरबॅगच्या कंट्रोलरकडून सिग्नल येतो आणि सेल्फची लांब केबल बॅटरीपासून तोडून टाकली जाते, धोक्याचे दिवे वगैरे चालू राहतात. बॅटरीच्या कडेला नळीही आहे, गॅस गाडीच्या खाली सोडायला. म्हणजे त्यांनासुद्धा ती लांब केबल नुसती सोडायची हिंमत झाली नाही. आणि एवढं करूनही 2012 च्या मार्चमध्ये त्यांनी ५ आणि ६ सिरीजच्या तेरा लाखाच्या आसपास गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण काय तर डिकीतल्या बॅटरी केबलचं कव्हर काही गाड्यांत नीट बसलेलं नव्हतं आणि त्यातून आग लागायची शक्यता होती. नुसतं एक कव्हर!

बाकी कल्पना नवी नाही, 1959 च्या मिनीतही बॅटरी डिकीतच होती आणि माझदाच्या पहिल्या एमएक्स-५ मध्येही.

विदर्भ_ऑटो

फ्यूजवर सगळे बोलले, गॅसवर पण बोला जरा. बीएमडब्ल्यू नि मिनीची डिकी वेगळी असते भाऊ, झेन हॅचबॅक आहे. डिकी आणि केबिन एकच हवा. ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, हवेत चार टक्के झाला की ठिणगीला पेटतो. 'मेंटेनन्स फ्री' लिहिलं म्हणजे सील असं नसतं, झाकणाच्या कडेला बारीक भोक असतंच. पुढे बोनेटखाली गॅस उडून जातो, मागे काचा बंद करून गाडी उन्हात उभी असली तर जाईल कुठे. आणि रेग्युलेटर बिघडून अल्टरनेटर पंधरा व्होल्टच्या वर चार्ज करायला लागला तर ॲसिडचा वाफारा आणि सडक्या अंड्याचा वास सरळ तुझ्या नाकात.

म्हणून तीच बॅटरी वापरायची असेल तर झाकणाला रबर बीडिंग असलेली बंद पेटी कर, वरच्या कोपऱ्यातून एक नळी फ्लोअरमधून खाली बाहेर काढ कारण हायड्रोजन वर जमतो, आणि हवा आत यायला दुसरी नळी पेटीच्या तळाजवळ, तीही बाहेरूनच. फ्यूज त्या पेटीच्या आत ठेवू नको, बाहेर लाव. बजेट असेल तर गाडीसाठीची एजीएम (ॲसिड काचेच्या धाग्यांच्या गादीत शोषलेली सील बॅटरी) घे, तिच्यात गॅस आतल्या आत परत पाणी होतो, पण तिलाही सेफ्टी व्हॉल्व्ह असतो त्यामुळे नळी तरीही काढच.

आणि सीएनजी किट असेल तर विषयच बंद कर, सिलेंडर आणि बॅटरी एका डिकीत नको.

झेनवाला_कोल्हापूर

सीएनजी नाही, पेट्रोलच. धन्यवाद सगळ्यांना, त्या वायरमनला आता नमस्कारच करतो. पेटी उद्यमनगरात बनवून घेतो, तिथं पत्र्याचं काम कसंबी करून मिळतंय. दोन शंका अजून. मित्राकडं यूपीएसची सील बॅटरी पडून आहे, ती पण एजीएमच म्हणतात, ती चालेल का? आणि इव्हेंटला किल स्विच (गाडीची सगळी वीज एका झटक्यात तोडणारा) लागतो, तो बॅटरीजवळ प्लसवर लावला की झालं ना?

स्पॅनर_सदाशिव

यूपीएसची नको. ती हळूहळू करंट द्यायला बनवलेली असते, सेल्फसाठी नाही, आणि तिचे टर्मिनल म्हणजे बारीक नटबोल्ट, त्यावर ३५ स्क्वेअरचा लग लावून गाडीचे हादरे दिलेस तर मुळातून हलतील.

किल स्विचचं नीट वाच कारण इथे बरेच जण फसतात. नुसता बॅटरीचा प्लस तोडलास तर चालू इंजिन बंद होतच नाही, अल्टरनेटर इग्निशनला करंट देत राहतो आणि इंजिन मजेत फिरत राहतं. शिवाय बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर उसळतो, त्यात ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जातो. म्हणून जास्तीचे कॉन्टॅक्ट असलेला मोटरस्पोर्टचा स्विच घे, एक मुख्य बॅटरीसाठी, दुसरा इग्निशन तोडतो आणि तिसरा अल्टरनेटरचा उरलेला करंट रेझिस्टरमधून अर्थला सोडतो, रेझिस्टर सोबतच मिळतो. बाहेर निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीचं स्टिकर लागतं, स्क्रूटिनीला (इव्हेंटआधीची गाडीची तपासणी) तेच आधी बघतात. आणि बॅटरी केबिनमध्ये धरली गेली तर साधी ॲसिडची चालेल का हे आयोजकांना आत्ताच विचार, पेटी बनवायच्या आधी.

अल्टरनेटरवरून एक सांगायचं राहिलं, मागचा फ्यूज उडाला तरी पुढून अल्टरनेटर त्याच केबलमध्ये करंट ढकलू शकतो. तुझा अल्टरनेटर फार तर पन्नास-साठ अँपिअरचा, ३५ स्क्वेअरला तेवढा चालतो, पण वास आला की किल स्विच आधी मार.

ग्रिप_नाशिक

वजनासाठी करत असशील तर थांब एक मिनिट. बॅटरी दहा किलो. साडेचार मीटर केबल जवळपास दोन किलो, पेटी, ब्रॅकेट, स्विच मिळून आणखी तीन-चार. म्हणजे गाडी एकूण जड झाली, फक्त दहा किलो पुढून मागे गेले. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या चाकांवरचं वजन काढून सुटताना ग्रिपच घालवतोस. इनटेकसाठी जागाच हवी असेल तर छोटी एजीएम आडवी पाडून पुढेच कुठेतरी बसते का ते आधी पुठ्ठ्याचा खोका कापून बघ. नाही बसली तर मग डिकी.

विदर्भ_ऑटो

ग्रिपभाऊंचं बरोबर आहे. पण मागे टाकायचीच तर बांधणी पक्की कर. धडकेत वीस जी (गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट झटका) धरला तर दहा किलोची बॅटरी दोनशे किलोने पुढे सुटते आणि पुढे कोण बसलंय? डिकीचा पत्रा पातळ असतो, नुसते बोल्ट त्यातून उपटून येतात, खालून हातभर लांब तीन एमएमची पट्टी टाकून त्यातून बोल्ट काढ. बेल्टवाली प्लास्टिकची पट्टी बॅटरीला चालत नाही, लोखंडी क्लॅम्प वरून. तो क्लॅम्प प्लस टर्मिनलला लागणार नाही एवढं बघ आणि प्लसवर रबर बूट घालच. अर्थ करताना जागेचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासून काढायचा, दात्यांचा वॉशर, आणि घट्ट केल्यावर वरून ग्रीस किंवा रंग नाहीतर कोल्हापूरच्या पावसात दोन वर्षांत गंज. सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नको, जवळ आहे म्हणून सगळे तोच धरतात.

झेनवाला_कोल्हापूर

पुठ्ठ्याचा खोका कापून बघितला. एजीएम आडवी टाकली तर बोनेटच्या कुलुपाला दोन बोटं कमी पडतायत, पण कूलंटची बाटली सरकवली तर बसंल असं वाटतंय. बाटली हलवून बघतो आणि फोटो टाकतो. तोवर कुणाकडं झेनच्या बाटलीचं ब्रॅकेट जुन्या सामानात पडलं असलं तर सांगा.

स्पॅनर_सदाशिव

नाना पेठेत जुन्या सामानवाल्यांकडे बघतो. बाटली हलवलीस तरी झाकण रेडिएटरच्या झाकणापेक्षा फार खाली नेऊ नको. आणि इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी जुनी असेल तर या निमित्ताने बदल, बॅटरी मागे नेलीस तर सेल्फचा करंट तिच्यातूनच परत येतो.