तर्कदोषांची नावं शिकून माणूस सावध होतो की नुसता वादपटू?

मुक्ता: तर्कदोष आणि प्रचाराची तंत्रं शाळेतच शिकवायला हवीत, असं माझं ठाम मत आहे. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रचाराचा अभ्यास करणारी संस्था निघाली. तिने सात तंत्रं वेगळी काढली: शिक्का मारणं, गोंडस शब्द, 'मी तुमच्यातलाच', 'सगळे आले, तुम्हीच मागे का' वगैरे. कुठलाही फॉरवर्ड उघडा, यातलं एखादं सापडतंच. 'खरे देशभक्त असाल तर पुढे पाठवा' यात पुरावा कसला? न पाठवणारा आपोआप देशद्रोही ठरतो, एवढीच त्यातली करामत.

सडेतोड: अजिबात पटलं नाही. हल्ली कुणी मुद्दा मांडला की समोरचा 'हा स्ट्रॉमॅन', म्हणजे 'माझं म्हणणं वाकवून मग खोडताय', असं म्हणतो आणि मोकळा होतो. मुद्द्याला उत्तर नाहीच. शिवाय युक्तिवाद सदोष म्हणून निष्कर्षही खोटा, हे मानणं हाही तर्कदोषच आहे. 'डॉक्टर म्हणतात म्हणून तंबाखू वाईट' हा युक्तिवाद कच्चा असेल, पण तंबाखू वाईटच ना?

मुक्ता: डॉक्टरांचंच उदाहरण घेऊ. १९४६ पासून कॅमल सिगारेटच्या जाहिराती सांगत होत्या की इतर कुठल्याही सिगारेटपेक्षा कॅमल ओढणारे डॉक्टर जास्त आहेत. आता नीट बघा: डॉक्टर काय ओढतो ही त्याची सवय झाली, ते त्याचं संशोधन नव्हे. तंबाखू वाईट म्हणणाऱ्या डॉक्टरामागे रुग्णांचा अभ्यास असतो. दोन्हीकडे डॉक्टरच, पण आधार वेगळा. हा फरक शिकवल्याशिवाय कळत नाही.

सडेतोड: हे छान सांगितलंत, आणि त्यासाठी एकाही तर्कदोषाचं नाव लागलं नाही! न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्राने, वाद, जल्प आणि वितंडा वेगळे मानले ते उगीच नाही. वादात सत्य शोधायचं असतं, जल्पात जिंकायचं असतं. वितंडेत तर स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडायचं. नावं पाठ केलेली मंडळी थेट वितंडेवर येतात.

अनामिक वाचक: एक भर घालतो. तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते जास्त खरं वाटू लागतं, हे १९७७ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. त्यात युक्तिवादच नसतो, मग दोष कुठे शोधणार?

मुक्ता: म्हणूनच सवय लहानपणी लागायला हवी.

सडेतोड: मग वर्गात मुलांना त्यांच्या आवडत्या नेत्याचं भाषण तपासायला द्या, नावडत्याचं नको. हे अभ्यासक्रमात बसत असेल तर माझा विरोध मागे.